पयोष्णीची खिडकीची सीट

ऑफिसातले किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. ड्रॉवरमधल्या जुन्या चाव्यांसारखे ते आपोआप साठतात. कुठल्या कुलपाच्या ते आठवत नाही, आणि टाकवतही नाहीत. सोळा वर्षं एकाच कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम केल्यावर माझ्याकडे असे ढीगभर जमलेत. पण रविवारी दुपारी जेवून आडवं झाल्यावर, डोळा लागता लागता जे आठवतात ते सगळे एकाच नावाचे असतात.

*

कंपनी तेव्हा कर्वेनगरमधल्या एका बंगल्यात होती. बेडरूममध्ये प्रोग्रामर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर सर्व्हर आणि हॉलमध्ये आम्ही टेस्टर. देशाची दारं जगाला उघडली असं रोज पेपरात यायचं; आमच्या बंगल्याचं फाटक मात्र ढकलल्याशिवाय उघडत नसे. काम काय, तर परदेशी विमान कंपन्यांसाठी तिकीट बुकिंगचं सॉफ्टवेअर. आमच्यातलं कोणीही तोवर विमानात बसलेलं नव्हतं!

टेस्टिंगला खोटा प्रवासी लागतो. आधी आम्ही 'एबीसी' नाहीतर 'टेस्ट टेस्ट' असं काहीतरी टाकायचो. एकानं तर आमच्या पेंडसेसाहेबांचंच नाव टाकलं आणि त्यांची बॅग चौदा वेळा हरवून दाखवली. साहेबांनी फर्मान काढलं, "माणसासारखं नाव द्या. पण जगातल्या कुठल्याही खऱ्या प्रवाशाशी जुळता कामा नये."

माझ्या शेजारी सुषमाताई बसायच्या. वऱ्हाडातल्या, पूर्णा नदीकाठच्या एका गावातून लग्न होऊन पुण्यात आलेल्या, आणि आम्हा टेस्टरांमध्ये सगळ्यांत सीनियर. त्यांनी क्षणभर कीबोर्डकडे पाहिलं आणि टाइप केलं : पयोष्णी.

"हे कुठल्या काढ्याचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"नदीचं आहे. आमच्याकडच्या पूर्णेचं जुनं नाव, पोथीतलं."

"असं नाव ठेवतं का कोणी मुलीचं?"

"नाही ना," ताई म्हणाल्या. "म्हणून तर!"

*

मग पयोष्णी जी उडाली ती उडालीच. सकाळी व्हिएन्ना, जेवणाच्या सुट्टीआधी नैरोबी, चहापर्यंत टोकियो. कधी तिचं विमान चुकायचं, कधी सामान दुसऱ्याच खंडात जायचं. आम्ही दिवसातून शंभरदा तिचं नाव टाइप करायचो. दुपारी दोनच्या सुमारास पंखा घरघरत असायचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकायची, आणि मला खरंच वाटायचं की ही बाई कुठेतरी ढगांवर बसून आपल्याकडे बघते आहे. तिच्या अंगावर कुठली साडी असेल, इथपर्यंत माझा विचार जायचा.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टेस्ट कुठलीही असो, ताई तिला सीट खिडकीचीच द्यायच्या.

"ताई, मधल्या सीटचीही टेस्ट करायची आहे."

"ती तुझ्या प्रवाशावर कर. माझी खिडकीतच बसते!"

*

ताईंचे यजमान मधुकरराव वीज मंडळात होते. फारच सभ्य माणूस. इतका, की बायकोचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. घरी 'अगं', आणि ऑफिसात फोन केला की, "सौ. आहेत का?"

आमची रिसेप्शनिस्ट पेठेतली. ती म्हणायची, "सहा आहेत. कुठली देऊ?"

पलीकडून, "राहू द्या. नंतर करतो."

*

पहिली खरी पयोष्णी जन्मली विश्रांतवाडीत. आमच्या नितीन नावाच्या प्रोग्रामरला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी पाळणा सजला, बायका जमल्या, आणि आत्याबाईंनी विचारलं, "नाव काय सांगू कानात?" नवराबायकोचं महिनाभर भांडण चालू होतं, नाव काही ठरलं नव्हतं. नितीनच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पयोष्णी." आत्याबाईंनी लगेच 'कुर्रर्र' केलं. झालं!

दुसरी वाघोलीच्या गणेशकडे. त्याची आजी पेढे द्यायला स्वतः ऑफिसात आली आणि तक्रार करून गेली. "ह्ये काय नाव हाय का? जीभच वळत न्हाय माजी. म्या आपली पयूच म्हंते."

मग तिसरी, चौथी, पाचवी. कर्वेनगरच्या ज्या डॉक्टरांकडे आमची सगळी पोरं लसी टोचायला जायची, त्यांनी एका बापाला शांतपणे विचारलं, "तुमच्या कंपनीत हे नाव सक्तीचं आहे, की न ठेवल्यास प्रमोशन अडतं?"

मला मात्र मुलगा झाला. पेंडसेसाहेबांनी अभिनंदनाच्या कार्डात लिहिलं, "टेस्ट केस फेल!"

*

पहिल्या बारशाचा पेढा ताईंनी खाल्ला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो कीबोर्डशेजारी कागदावर तसाच होता. सगळे गेल्यावर मी विचारलं, "गोड बंद केलंत की काय?"

त्या म्हणाल्या, "माझंच नाव आहे ते. माहेरचं."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"लग्नात बदललं ना. ताटात तांदूळ पसरले, आणि ह्यांनी अंगठीनं त्यात 'सुषमा' लिहिलं. अक्षर चांगलं होतं हो." त्या हसल्या. "सासूबाई म्हणाल्या, ते नदीबिदी आमच्याकडे नको. बाबा होते तोवर ते त्या नावानं हाक मारायचे. ते गेल्यापासून कोणी नाही. मग म्हटलं, निदान विमानात तरी बसू दे तिला."

"सगळ्यांना सांगू या?"

"अजिबात नको. पोरीचं नाव आहे आता ते. तिलाच लखलाभ असू दे." थोड्या वेळानं त्या आपल्याशीच म्हणाल्या, "पण एकदा ऐकायला आवडेल गं. माझ्यासाठी म्हणून."

मला भरून आलं. मी लगेच म्हटलं, "मी मारते ना हाक! पयोष्णीताई!"

ताईंनी विचार केला. "नको. तू म्हणालीस की बॅग हरवल्यासारखं वाटतं."

आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यांनी पेढा अर्धा मोडून मला दिला.

*

एकदा मोठाच घोटाळा झाला. आमचा खोटा डेटा चुकून एका गिऱ्हाईक कंपनीच्या खऱ्या सिस्टिममध्ये गेला. युरोपातलं एक खरं विमान, आणि त्यात खिडकीची एक खरी सीट पयोष्णीच्या नावावर! दुसऱ्या दिवशी फोनवर तिकडचा मॅनेजर नुसता पेटला होता. विमानतळावर म्हणे त्या बाईंना वीस मिनिटं पुकारत होते. विमानाला उशीर झाला, आणि शेवटी ती सीट रिकामीच उडाली.

साहेबांनी आम्हाला ओळीनं उभं केलं. "कोणाची चूक आहे?"

"माझी," ताई म्हणाल्या. मग हळूच पुढे झाल्या. "साहेब, पुकारलं म्हणजे... मोठ्यानं का?"

"अहो, विमानतळावर कानात सांगतात का?"

ताईंना मेमो मिळाला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दिवसभर गुणगुणत काम केलं. त्या दिवशी खिडकीपाशी चहा पीत उभ्या असताना त्या नक्की कुठे होत्या, मला ठाऊक आहे. कर्वेनगरात नव्हत्या.

*

घोटाळ्यानंतर हुकूम आला, जुना सगळा खोटा डेटा पुसून टाका. एव्हाना कंपनी बंगल्यातून काचेच्या इमारतीत गेली होती आणि फाटकाच्या जागी कार्ड दाखवून उघडणारं दार आलं होतं. पयोष्णी पुसायचं काम ताईंनी स्वतःकडे मागून घेतलं. मी शेजारी उभी होते.

डिलीटचं बटण दाबल्यावर पडद्यावर चौकट आली : आर यू शुअर?

ताई त्या चौकटीकडे बघत बसल्या. "हिनं निदान विचारलं तरी," त्या म्हणाल्या, आणि एंटर दाबलं.

पुढे कितीतरी दिवस मी काही टाइप करायला लागले की बोटं आपोआप 'प'कडे जायची.

*

ताईंच्या निवृत्तीच्या वर्षीचा फॅमिली डे. हिरवळीवर मांडव, भेळेचा स्टॉल, पोरांचा धुडगूस. ऊन उतरलं होतं आणि सगळं जरा सोनेरी, जरा सुस्त झालं होतं. मधुकररावांनाही ताईंनी आणलं होतं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत हातात टोपी धरून दोन तास गप्प बसले होते. आजूबाजूला सारखं चालू होतं, "पयोष्णी, चप्पल घाल!" "पयोष्णी, मातीत बसू नकोस!" "पयोष्णी, त्याला चावलीस का तू?" दर हाकेला ते मान वळवून बघायचे.

अंधारायच्या आत घरी जायचं म्हणून ते उठले. ताई कुठे दिसेनात. ते स्टेजपाशी गेले, मीही मागोमाग गेले. माइकवर एचआरचा एक नवा मुलगा होता, उत्साहानं नुसता ऊतू जाणारा.

"काका, मिसेस हरवल्या? नो प्रॉब्लेम! नाव सांगा, पुकारतो."

मधुकररावांनी टोपी एकदा फिरवली. मग खाली बघत, पण स्पष्ट शब्दांत त्यांनी नाव सांगितलं.

स्पीकर खरखरला. "पयोष्णी! पयोष्णी! जिथे असाल तिथून स्टेजपाशी या. आपले मिस्टर वाट बघताहेत!"

मांडव हसून लोटपोट झाला. पाचही पयोष्णी धावत आल्या, एकीच्या हातात भेळ, एकीचा पाय अनवाणी, आणि मधुकररावांसमोर रांगेत उभ्या राहिल्या. त्यातली वाघोलीची म्हणाली, "कोणाचे मिस्टर?"

मधुकरराव मुलींच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होते. भेळेच्या स्टॉलशेजारी, बरोब्बर मोठ्या स्पीकरखाली, सुषमाताई उभ्या होत्या. हातातली प्लेट तिरकी झाली होती, तिच्यातली शेव सांडत होती.

त्या सावकाश चालत आल्या. मुलींना बाजूला करून यजमानांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला नीट ऐकू नाही आलं. परत एकदा."

मधुकररावांनी टोपी माझ्याकडे दिली आणि त्या मुलापुढे माइकसाठी हात केला.