लेकरं किती?

अक्का अमेरिकेला जाणार ही बातमी मला भालकीच्या किराणा दुकानात कळली. तिने कळवलं नव्हतं असं नाही. तिचा फोन सकाळी येऊन गेला होता, तेव्हा मी शाळेत होते. पण दुकानदाराने डाळ तोलता तोलता "तुमच्या जाऊबाई परदेशाला चालल्यात म्हणं" असं म्हटलं आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कितीतरी महिने थांबलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती आणि थोरले दीर जवळच्याच मेहकरला, आमच्या गावी, शेती बघतात. आम्ही नवराबायको नोकरीमुळे भालकीला; मी मराठी शाळेत मास्तरीण. तिला एक मुलगी आणि एक मुलगा, मलाही एक मुलगा आणि एक मुलगी. दोन्ही मुलगे चार महिन्यांच्या अंतराने झाले, तिचा दिवाळीत आणि माझा लगेचच्या शिमग्याला. तिचा पाचवीला माझ्याकडे भालकीला आला तो बारावी होईपर्यंत राहिला. दोघांना एकाच टेबलाशी बसवून मी इंग्रजी घोकून घेतलं. एकाला दुसऱ्याच्या वहीत बघू दिलं नाही, एकाच्या ताटात तूप जास्त पडू दिलं नाही. त्यातला एक अमेरिकेत गेला. दुसरा, माझा, कलबुर्गीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे आणि शनिवारी मोटरसायकलवरून धुणं घेऊन घरी येतो.

आता पुतण्याची बायको बाळंत होणार होती आणि त्याने आईला बोलावलं होतं. यात चूक काहीच नव्हतं. आई ती आई. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं की त्यातून काय ते ओळखावं. तो आठ वर्षं माझ्या घरात वाढला, त्याच्या गोवरात रात्री मी जागले, त्याचे सगळे फॉर्म मी भरले, आणि विमानात बसणार कोण, तर जिला बीदरच्या बसस्टँडवर कुठली गाडी कुठे लागते ते कळत नाही ती. हे मी शाळेतल्या बायकांना बोलून दाखवत असे. त्या मान डोलवत, आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटे.

पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काकू, मायला तूच शिकिव. तिला तुझ्यासारखं बोलायला येत न्हाई. तुला बी नेतो एकदा." ते "एकदा" मला असं झोंबलं की फोन ठेवल्यावर भाजीत दोनदा मीठ टाकलं.

तरी व्हिसाचा फॉर्म मीच भरला. संगणकावर एक पान संपलं की दुसरं उघडे. अक्का शेजारी पदर सावरून बसलेली. याआधी परदेशात कुठे गेला होता? कुठे नाही. इंटरनेटवर कोणकोणती खाती आहेत? एकही नाही. मग ते प्रश्न आले: तुम्ही कधी अतिरेक्यांना मदत केली आहे का, कधी कुणाचा छळ केला आहे का. मी ते मराठीत करून विचारले. तिने प्रत्येकावर थोडा वेळ विचार केला. छळाच्या प्रश्नावर म्हणाली, "सुनंला एकदा टाकून बोलले हुते, ते धरत्यात का?" मी म्हटलं, धरत नाहीत. दुसरी कुणी असती तर मी पोट धरून हसले असते. तिच्यावर हसायला माझं मन तयार नव्हतं.

मुलाखतीची तारीख हैदराबादची मिळाली. तिथे हिंदीत विचारतात, आणि आमच्या बीदरकडच्या बायांना आपली हैदराबादी हिंदी बाजारहाटापुरती येतेच. पुतण्याने प्रश्नांची यादी पाठवली. रविवारी अक्का भालकीला आली की मी खुर्चीवर अधिकारी होऊन बसे आणि ती समोर उभी राही. कशाला चाललात? पोराला भेटायला. किती दिवस? तीन महिने. परत कशाला येणार? शेत हाय, म्हशी हायत, मालक हायत. म्हशी मालकांच्या आधी येत, ते मी सुधारलं. खाली बघू नका, पदर चावू नका, विचारलं तेवढंच सांगा. वर्गात पोरांना सांगते तसं सगळं सांगितलं.

एका रविवारी ती पांढरे बूट घालून आली. पोराने पाठवले होते. तिकडे चालायला लागतं, विमानतळ लांबच लांब असतो, म्हणून आत्तापासून सवय कर म्हणाला होता. नऊवारीखाली ते जाड तळव्याचे बूट घालून ती माझ्या अंगणातून चालत आली, आणि शेजारची बाई फाटकाशी उभी राहून कौतुकाने बघत होती. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तशी मी हसून म्हटलं, "छान दिसायलेत."

त्या दिवशी मी यादीतला पुढचा प्रश्न विचारला. लेकरं किती?

"चार," ती म्हणाली.

ती नेहमीच चार म्हणते. लग्नात, दवाखान्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला, कुणीही विचारलं तर चार. तिची दोन आणि माझी दोन. आमच्या मुलुखात याला कुणी हटकत नाही. एका चुलीवर जेवलेली पोरं बाया अशाच मोजतात. पण पुतण्याने जे निमंत्रणाचं पत्र पाठवलं होतं त्यात "आम्ही बहीणभाऊ दोघे" असं लिहिलं होतं, आणि ते मी स्वतः वाचून फाइलीत लावलं होतं. कचेरीतल्या माणसाला चार सांगितलं तर तो पुढे विचारत जाणार हे मला लख्ख कळलं. "अक्का, तिथं दोन म्हणायचं," एवढंच बोलायचं होतं. मी तिच्या बुटांकडे बघितलं. मग यादीकडे बघितलं आणि विचारलं, शेती किती एकर?

तीस वर्षांत वर्गात चुकीचं उत्तर तसंच सोडून मी कधी पुढे गेले नव्हते.

हैदराबादला आम्ही दोघीच गेलो. दीर म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं, तू हायस की. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे घेतले. तिची बोटं ऊसतोडीने आणि शेणाने झिजलेली, ठसा उमटेना. तिथल्या मुलीने हात पुसून तिसऱ्यांदा दाबायला लावले तेव्हा कुठे जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. आत फक्त तिला सोडलं, हातात फाइल तेवढी. तिची पिशवी आणि फोन घेऊन मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. देवा, मिळू दे तिला, असं मी तोंडाने पुटपुटत होते. मनात काय चाललं होतं ते देवालाही ऐकू जात असणार.

ज्यांना व्हिसा मिळतो त्यांचा पासपोर्ट आत ठेवून घेतात, हे मी वाचलं होतं. अक्का फाटकातून बाहेर आली तेव्हा पासपोर्ट तिच्या हातात होता. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला तो आनंदच, आणि मी लगेच तोंड पाडून तिच्याकडे धावले.

काय झालं ते तिने बसमध्ये सांगितलं. गोरा होता, पोरगेलासाच, हिंदी बरी बोलत होता. लेकरं किती विचारलं, तिने चार सांगितली. कोण काय करतं, तेही सांगितलं: थोरली उदगीरला दिली, एक अमेरिकेत, एक कलबुर्गीला, धाकटी पुण्याला नर्स. त्याने वयं विचारली. तिने सांगितली तशी, एक दिवाळीचा आणि एक लगेचच्या शिमग्याचा. त्याने मान वर करून विचारलं, दोन्ही तुमचेच? ती म्हणाली, हो. त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा हो म्हणाली. मग त्याने काहीतरी टाईप केलं, "सॉरी अम्मा" म्हणाला आणि एक छापील कागद दिला. कागदावर कारण असं काही नव्हतं, सगळ्यांना देतात तेच होतं. पण कारण मला वाचायची गरज नव्हती.

"माझंच कायतरी चुकलं असंल," ती म्हणाली.

पुतण्याचा फोन मला आला, आईला नाही. चिडला होता. म्हणाला, काकू, तू शिकवलं होतंस ना सगळं? मी म्हटलं, शिकवलं होतं रे, ऐन वेळी घाबरली असेल. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. मग ठरलं की सुनेची आई जाईल. त्या लातूरच्या, त्यांचा व्हिसा आधीपासून होता.

त्या निघायच्या आधीच्या रविवारी मी मेहकरला गेले. अक्का मऊ सुती लुगडी फाडून बाळाची दुपटी शिवत होती. विहीणबाईंच्या बॅगेत जागा कमी, म्हणून सहाच करायची होती. मी सुई घेऊन बसले. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाच्या मुलीचं ठरलं. विहीणबाईंबद्दल वाकडा शब्द नाही. तिने एक जरी उसासा टाकला असता तरी मला सोपं गेलं असतं. दुसरं दुपटं संपत आलं तेव्हा माझ्याने राहवेना.

मी म्हटलं, "अक्का, तू चार म्हणशील हे मला ठाऊक होतं. दोन म्हण असं सांगायला पाहिजे होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. मला तुझं जाणं बघवत नव्हतं."

तिचे हात थांबले. ओरडेल, निदान उठून जाईल असं वाटलं.

"सांगितली असतीस तरी मी चारच म्हनले असते," ती म्हणाली. "तुला टायफाईड झालता तवा दोन म्हैने तुझं लेकरू माझ्या आंगावर पेलंय. त्या कागदापायी त्याला न्हाई कसं म्हनू?"

आणि तिने पुन्हा शिवायला घेतलं.

तो टायफाईड मी विसरले नव्हते. माझ्या मुलाला तिने मेहकरला ठेवून घेतलं, एकीकडे तिचा आणि एकीकडे माझा घेऊन ती बसायची, हे माझ्या सासूने मला कितीदा सांगितलं होतं. शाळेतल्या बायकांना आठ वर्षांचा हिशेब ऐकवताना हे दोन महिने मी गाळत असे. अमेरिकेचा हेवा कधीतरी ओसरलाही असता. पण त्या दिवशी तिच्या ओसरीवर बसून मला तिचा जो हेवा वाटला तो अजून तसाच आहे, कारण ते माझ्याकडून कधी झालं नाही. पुतण्याला मीच वाढवलं असं गावभर सांगत फिरले खरी, पण लेकरं किती असं कुणी विचारलं की मी जन्मभर दोनच सांगत आले.