नव्या मिनिस्टरची ओटी

काल नारळ फोडला आणि पाण्याच्या गोड वासाने ग्लासगोचं आमचं युनिटेरियन चर्च आठवलं. तिथे कोणाला आपला देव सोडावा लागत नाही, म्हणून मी हिंदू असूनही दर रविवारी जायचे. फार वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी हात वर करून एका बाईला मिनिस्टर, म्हणजे चर्चची धर्मगुरू, निवडलं. तिच्या स्वागताला प्रत्येकाने आपल्या घरच्या पद्धतीचं काही करायचं ठरलं. मी ओटीचं सामान घेऊन गेले.

शेजारी बसलेली सुलभा कुजबुजली, "अहो काकू, काका गेले ना? विधवेने ओटी भरायची नसते. आणि तिचं तर लग्नच झालेलं नाही."

"मग बरंच झालं. दोघींनाही चालत नाही, तर दोघी मिळून करू."

मी उठले. ओल्या कोटांचा आणि मेणबत्तीचा वास भरून राहिला होता. तिला पदर कुठला? मी खुणावलं, तसा तिने काळा झगा दोन्ही हातांनी पुढे धरला. मी तांदूळ, खण, नारळ घातला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

"आता याचं काय करू?" तिने इंग्रजीत हळूच विचारलं.

"घरी जाऊन हातोडीने फोडा," मी म्हटलं. सगळे हसले.

तेव्हा वाटलं, मी तिला मान दिला. आता कळतं, नवरा गेल्यापासून माझ्या हातचं कुंकू कोणी लावून घेतलं नव्हतं. तिने घेतलं.

पुढे सुलभाच्या सुनेचीही ओटी मी भरली. सुलभाला विचारलं नाही.