वाक्यं थोरलीची, तोंड धाकटीचं

माझ्या दोन्ही वहिन्या न्याय विभागात आहेत, एकाच खोलीत, एकाच खिडकीपाशी. घरी स्वयंपाकघर एक, ऑफिसात खोली एक. सख्ख्या जावांना याहून मोठी शिक्षा कुठलं कोर्ट देईल, मला तरी माहीत नाही.

थोरली तिथे जुनी. तिचं काम लोकांसाठी पत्रकं लिहिण्याचं. पोलिसांनी धरलं तर काय विचारायचं, वकील फुकट कसा मिळतो, साक्षीला बोलावलं तर काय होतं, असलं सगळं. कायद्याचं पान समोर ठेवून ती एकेक अवघड वाक्य सोपं करत बसते. तिची एक रीत होती. पत्रक छापायला देण्याआधी ती ते घरी आणून माझ्या आईला वाचून दाखवायची. आईची शाळा लहानपणीच सुटलेली. आई जिथे "म्हणजे काय गं?" म्हणेल, तो शब्द वहिनी तिथल्या तिथे खोडायची. पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, असा तिथला नियमच आहे, आणि इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग विभागाने छोट्या फिल्मा काढायला घेतल्या. कॅमेऱ्यासमोर कोणीतरी हवं होतं. थोरलीनेच साहेबांना सांगितलं, "आमची धाकटी जाऊ छान बोलते." स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

धाकटी दिसायला गोड, आवाज त्याहून गोड. बघता बघता तिला लोक रस्त्यात ओळखू लागले. भाजीवाली म्हणायची, "कायदा सांगणाऱ्या बाई ना तुम्ही?" आणि मूठभर मिरच्या जास्त टाकायची. थोरली शेजारी पिशवी धरून उभी असायची, तिच्याकडे कोण बघतंय! एकदा तिने माझ्यापाशी मनातलं ओकलंच. "वाक्यं माझी आणि तोंड हिचं. लोक मेले तोंडालाच भुलतात."

आईने तर कहर केला. फोन नाकाशी धरून ती धाकटीची फिल्म पुन्हा पुन्हा लावायची आणि म्हणायची, "किती सोपं करून सांगते गं ही!" एकदा ती असं म्हणाली तेव्हा थोरली भांडी घासत होती. ताटं अशी आदळली की शेजारीण डोकावून गेली. मला आधी हसू आलं आणि मग तिची दया आली, कारण आईच्या तोंडून हे ऐकणं सगळ्यांत वाईट.

पुढे विभागाने मोठ्या सभागृहात खुली सभा ठरवली. विषय साक्षीदारांचे हक्क. लोकांनी यावं, विचारावं, समोरासमोर उत्तरं घ्यावीत. आता तरी आपल्याला वर बोलावतील, या आशेवर थोरलीने माझ्याकडे नवा ब्लाउज शिवायला टाकला. मी शिवणकाम करते. दोनच दिवसांनी ती तोंड पाडून आली. "नको शिवूस. साहेब म्हणाले, धाकट्या बाई बोलतील, तुम्ही मजकूर द्या आणि मागे बसा."

त्या वेळी ती कागद घेऊन आईपाशी बसली नाही. कामाची घाई असेल, असं मला वाटलं.

सभेला मीही गेले. सभागृह भरलेलं. धाकटीने हसून नमस्कार केला आणि हातातला कागद वाचायला घेतला. "प्रत्यक्ष उपस्थितीपासून सवलत प्राप्त करून घेण्याकरिता साक्षीदाराने सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात..." लोक एकमेकांकडे पाहू लागले. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिच्या शेजाऱ्याने कुणाचं तरी डोकं फोडलेलं तिने पाहिलं होतं. तिने विचारलं, "मला कोर्टात त्याच्या तोंडासमोर उभं राहावं लागेल का?" धाकटीने कागदात पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. बाईने पर्स उचलली आणि ती दाराकडे निघाली.

मी थोरलीकडे पाहिलं. सांगायला वाईट वाटतं, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

तेवढ्यात धाकटीने कागद खाली ठेवला. "थांबा, जाऊ नका. हे मलाच कळलं नाही. आजवर मी जे जे बोलले ते आमच्या मोठ्या जाऊबाईंनी लिहिलेलं आहे. त्या तिथे मागे बसल्यात. ताई, वर या ना."

सगळ्या माना वळल्या. टाळ्यासुद्धा पडल्या. थोरली घामाघूम होऊन वर गेली, दोन्ही हातांनी माईक धरला आणि त्या बाईकडे बघत म्हणाली, "नाही राहावं लागत. भीती वाटते असं आधी लेखी कळवायचं. न्यायाधीश मधे पडदा लावायला सांगू शकतात, नाहीतर दुसऱ्या खोलीत बसून साक्ष देता येते. अर्ज लिहायला आम्ही मदत करू." बाई परत येऊन बसली. सभा संपल्यावर तिने डोळे पुसत हात धरला, तो मात्र धाकटीचा.

"तेवढंही हिच्या मेहेरबानीने मिळायचं होतं," येताना थोरली माझ्या कानाशी पुटपुटली.

विभागाने त्या सभेची फिल्म टाकली. आईने ती घरात सगळ्यांच्या देखत लावली. धाकटी अडखळते तिथे आईने बोट ठेवून फिल्म थांबवली आणि थोरलीकडे पाहिलं.

"हे तू मला वाचून दाखवलं नव्हतंस," आई म्हणाली. "बाकीचं सगळं दाखवलंस. म्हणून तर ते सोपं."

मग धाकटी घाईघाईने म्हणाली, "आई, आवाज बारीक आहे. तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल."

"त्यांना नीट ऐकू आलंय," थोरली म्हणाली. "नव्हतं दाखवलं मी. मुद्दाम."

धाकटीने फोन आईच्या हातातून घेतला आणि बंद केला.

"माहीत आहे, ताई. पहिल्याच ओळीला कळलं," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला वर बोलावलं."