मागच्या मुक्कामाला विचारलं

आमच्या घरी पाहुणे कमी अन् उतारूच जास्त. पांढरकवड्याहून हैदराबादकडे जाणारी सडक आमच्या गावाला घासून जाते. ट्रक बिघडला की ड्रायव्हर, क्लीनर, वरती बसलेले चार लोक, सगळी वरात आमच्या ओसरीवर. बाबांना माणसांची भारी हौस. माय चुलीपाशी बडबडायची, ही ओसरी आहे का धर्मशाळा, अन् बडबडत बडबडतच आणखी दोन भाकरी थापायची. भरतीवाला असाच एका बिघडलेल्या ट्रकातून उतरला. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट.

भरतीवाला हे नाव आम्हीच ठेवलेलं. अरबांच्या मुलुखात जमिनीतून तेल निघतं, तिथे सडका बांधायला, गाड्या चालवायला माणसं लागतात, ती आपण भरती करतो, असं तो सांगायचा. इस्त्रीची पँट, मनगटाला घड्याळ, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. पण माणूस गोड. मायच्या झुणक्याची अशी तारीफ करायचा की ती तव्यावरची भाकरी विसरायची. बाबांशी पत्ते खेळायचा अन् हरायचा. आता वाटतं, मुद्दाम हरायचा. ट्रक दुरुस्त झाला तरी तो काही दिवस राहिला, मग पुसद-उमरखेडकडे दौरा आहे म्हणून निघून गेला.

तो गेल्यावर काही दिवसांनी एक माणूस आमच्या दारात आला. मी सायकलच्या चाकात हवा भरत होतो. डोक्याला लाल पागोटं, पायावर धुळीचे थर, लांबून आलेला दिसत होता. त्याने विचारलं, घड्याळवाला साहेब तुमच्याकडे उतरला होता का. मी म्हणालो, उतरला होता. माणूस बरा हाय का, म्हणाला. मी म्हणालो, बरा हाय. तो जरा थांबला, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. मी पंप मारत राहिलो. बस म्हणालो नाही, पाणी विचारलं नाही. ज्या घरात रस्त्यावरच्या कुत्र्यालाही भाकरीचा तुकडा मिळतो, त्या घरच्या पोराने मान वर केली नाही. चाकात हवा कमी होती ना.

मग भरतीवाला परत आला. उमरखेडजवळच्या ढाणकीकडची काही पोरं मुंबईला रवाना केली, म्हणाला, जोडीदार त्यांना जहाजापर्यंत नेतो आहे, आता तुमच्या भागातली पोरं घेऊन जातो. आमच्या गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. तांड्यातला एक जण माझा सोबती. आम्ही एका बांधावरची बोरं खाऊन मोठे झालो. तो पांढरकवड्याला गॅरेजात राहून ट्रक चालवायला शिकला होता, अन् अरबांच्या मुलुखात ड्रायव्हर म्हणून जायचं त्याने पक्कं केलं होतं. घरी म्हातारी आई, नवी बायको. खर्चासाठी बैलजोडी विकायला काढली होती. मी त्याला म्हणालो, लेका, तू गेल्यावर मले बांधावर बोलाले कोण. तो हसला, म्हणाला, तुले बी बोलावून घेतो.

पण नायकाने हो म्हटल्याशिवाय तांड्यातून कोणी हलत नसे. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, माझ्या सोबत्याचा सख्खा काका. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता तेही आमच्यासारखे कापूस-ज्वारीवाले शेतकरी झाले, तरी त्या काळातला एक रिवाज नायकाने सोडला नव्हता. अनोळखी व्यापाऱ्याचा माल बैलावर चढवायचा तर त्याला स्वतःला काही विचारायचं नाही. तो जिथून आला त्या मागच्या मुक्कामाला माणूस पाठवायचा अन् तिथल्या लोकांना विचारायचं. माणूस तोंडावर काहीही बोलतो. जिथे तो जेवला-झोपला तिथले लोक खरं सांगतात. नायकाने मला बोलावलं. तू शिकलेला, तुला एसटीची माहिती, ढाणकीला जाऊन विचारून ये, म्हणाला. मला बापा केवढा मान वाटला. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, तोवर कोणी काही काम सांगितलं नव्हतं.

यवतमाळ, पुसद, उमरखेड करत ढाणकीला पोचलो तो बाजाराचा दिवस. घड्याळवाल्या साहेबाचं नाव काढताच लोकांनी एका बाईकडे बोट केलं. हिचा पोरगा गेला त्याच्यासंगं, हिलेच विचारा. ती हळद विकत बसली होती. जवळच्याच तांड्यातली, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, कोपराच्या वर चुडा, हात हळदीने पिवळे. मी भरतीवाल्याची चौकशी करायला आलो म्हटल्यावर तिने हळदीच्या पोत्यावर फडकं टाकलं अन् मला शेजारी बसवून आपली भाकर माझ्यापुढे केली. तिचा पोरगा एकुलता. लय बरा साहेब, म्हणाली. तुम्ही त्याची चौकशी केली का, मी विचारलं. तर म्हणाली, असं कसं, केली ना. मागच्या मुक्कामाले आमचा माणूस पाठवला. पांढरकवड्याकडे एक मोठं घर हाय, तिथं उतरते तो. त्या घरच्या पोरानं सांगतलं, माणूस बरा हाय.

आता खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. ढाणकीच्या बाजारात आमच्या घराला मोठं घर म्हणतात, याने माझी छाती फुगली. तो पोरगा मीच, असं सांगायचं ओठावर आलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, सांगितलं नाही. भाकर खाल्ली, हात धुतला, अन् उमरखेडची गाडी धरली.

नायकासमोर उभा राहून मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो. माणूस बरा आहे, ढाणकीवाले सांगतात. त्यांनी पण चौकशी केली होती. कोणाकडे, तर आपल्याचकडे. अन् बोलता बोलता माझीच जीभ अडली. आम्ही त्यांना विचारून राह्यलो, त्यांनी आम्हाला विचारलं होतं, अन् मी काय विचारून उत्तर दिलं होतं? काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण इथे तर काखेतही कळसा नव्हता. भरतीवाल्याचा सगळा परवाना म्हणजे आमची ओसरी अन् मायचा झुणका. मी म्हणालो, नायक, मी उद्या यवतमाळले जातो. तो म्हणाला, जा.

यवतमाळला बाबांच्या ओळखीचे एक वकील होते, मी त्यांना काका म्हणायचो. त्यांनी आधी मला बसवून नीट झापलं. परदेशी माणसं न्यायची तर सरकारचा परवाना लागतो, आणि तो वरच्या, दिल्लीच्या सरकारचा. जाणाऱ्या माणसाला मुंबईला सरकारी अधिकाऱ्यासमोर उभं करून करार वाचून दाखवावा लागतो. त्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नाही. हे तुम्ही कोणी विचारलं का, म्हणाले. मी म्हणालो, नाही विचारलं. त्याला कागदासकट माझ्याकडे घेऊन ये, खरा असला तर आनंदाने येईल, काका म्हणाले.

घरी आलो तर भरतीवाला ओसरीवरच्या बाजेवर बाबांशी पत्ते खेळत होता. मी सरळ परवाना मागितला. बाबांनी पत्ते खाली टाकले. त्यांचा आवाज मी कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. आपल्या घरचं मीठ खाल्लेल्या माणसाले कागद मागतो, लाज नाही वाटत का तुले, म्हणाले. भरतीवाल्यानेच बाबांना शांत केलं. पोरगं हुशार आहे, विचारायलाच पाहिजे, म्हणत त्याने पिशवीतून कागद काढला. नागपूरचा शिक्का होता. राज्य बदललं ना, म्हणाला, नवा मुंबईहून येणार आहे. त्या वर्षी सगळ्यांचेच कागद नागपूर अन् मुंबईच्या मध्ये कुठेतरी लटकलेले होते, आमच्या शेताच्या फेरफाराचासुद्धा. काकांनी दिल्लीचं सांगितलं नसतं तर मी पुन्हा मान डोलावून मोकळा झालो असतो. मी म्हणालो, वकीलकाकांनी हा कागद पाहायला मागितला आहे, उद्या सकाळच्या गाडीने जाऊ. तो म्हणाला, जाऊ ना, त्यात काय. अन् हसून मायला चहा मागितला.

सकाळी बाज रिकामी होती. सडकेवर कुठला तरी ट्रक धरून तो गेला होता. बाबा त्या बाजेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, पत्ते बी घेऊन गेला.

तांड्यात त्या दिवशी सण झाला. बैलजोडी दावणीला राहिली. सोबत्याच्या आईने, तिला आम्ही सगळे तांड्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायचो, लापशी करून आणली अन् स्वतःच्या हाताने मला भरवली. माझा पोरगा तू वाचवला, म्हणाली. मला लापशी खाताना ढाणकीच्या बाजारातली भाकर आठवून राहिली होती. मी यवतमाळला काकांना कळवलं, त्यांनी पोलिसात तक्रार दिली. पुढे त्यांना एवढं समजलं की ढाणकीकडच्या त्या पोरांतला कोणीही जहाजावर चढला नव्हता. त्यांना मुंबईतच कोणाच्या तरी ताब्यात दिलं होतं. कोणाच्या, कुठे, ते कळलं नाही.

मला ढाणकीला जाऊन तिला सांगायचं होतं. रोज जायचं होतं. बाबा म्हणायचे, जाऊन काय करतं, तिचा पोरगा परत येते का. मग कापसाची वेचणी आली, मग गाड्या भरून जिनिंगला न्यायच्या होत्या. निमित्तांना काय तोटा. खरं म्हणजे मी भित्रा होतो. तिच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. पोलिसांनी सांगितलं असेल, कोणीतरी सांगितलंच असेल, असं म्हणून मी मनाची समजूत घालायचो. अन् सोबती रोज बांधावर भेटायचा, हसायचा, बोलायचा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मी त्याच्याकडे पाहिलं की ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही तो दुसरा पोरगा डोळ्यांपुढे यायचा.

उन्हाळ्यात ती आली. सडकेवर एसटीतून उतरली अन् लोकांना मोठं घर विचारत आमच्या दारात उभी राहिली. मी तिला लांबूनच ओळखलं. तिने मला पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. अरे, तू तर बाजारात आलता, म्हणाली. मी तिला सावलीत बसवलं. बसली ती त्याच बाजेवर, दुसरी नव्हती. या वेळी मी पाणी दिलं. मायने चहा केला. बाबा आतल्या खोलीत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

पाणी पिऊन तिने पदराने तोंड पुसलं. पोराची काही खबर नाही, म्हणाली. तांड्यातले लोक काय काय बोलतात, पण लोकांचं काय. म्हणून आपणच मागच्या मुक्कामाला येऊन विचारावं म्हटलं. तिच्या हातांवर अजून हळदीचा पिवळेपणा होता.

"बापू, तो साहेब तुमच्या घरी राह्यला," ती म्हणाली. "माणूस बरा हाय ना?"

माय दारात उभी होती, तिने मान फिरवली. मग त्या बाईनेच मला सोपं करून द्यावं तसं विचारलं, "तुमच्या इथले कोण कोण गेले त्याच्यासंगं? त्याईची तं खबर असंन."

"आमचं कोणी नाही गेलं, याडी."



"काहून?"

"आमी चौकशी केली."

तिने चहाची बशी खाली ठेवली.

"आमी बी केलती," ती म्हणाली.