फोटोशिवाय निघालेली शांतिफेरी

काचवाल्याला ती फेरी आवडत नव्हती, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी दोन्ही प्रार्थनाघरांची माणसं एकत्र निघत. अलीकडच्या प्रार्थनाघरापासून पूल ओलांडून पलीकडच्या प्रार्थनाघरापर्यंत चालत जात. वाटेत थोडं गात, थोडं गप्प राहत आणि शेवटी दोन्हीकडचे वडीलधारे हात जोडून शांततेसाठी प्रार्थना करत. काचवाल्याची बायको दरवर्षी पांढरी शाल पांघरून सगळ्यांच्या पुढे असे. हा मात्र दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत काच कापत बसे. दारावरून जाताना कुणी हाक मारलीच, "काका, चला की चार पावलं!" तर मान वर न करता म्हणे, "हातात काच आहे. धक्का लागला तर शांतता राहू दे, बोटंसुद्धा राहायची नाहीत. तुम्ही व्हा पुढे."

लोक हसल्यासारखं करून पुढे जात. कारण खरं काय ते त्यांना माहीत होतं. फेरीच्या पुढे एक मोठा फलक असे, आणि फलकावर काचवाल्याच्या मुलाचा फोटो.

त्या मुलाला सगळे लांब्या म्हणत. एक तर तो ताडमाड उंच. दुसरं म्हणजे खिडकीच्या चौकटीत काच पक्की करायला जो मऊ लगदा लावतात, ती लांबी भरायला त्याच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. अंगठ्यानं एकदा ओढली की रेघ सरळ, पुन्हा बघायला नको. एकुलता एक, पण लाडावलेला नव्हता. आईची थट्टा करायचा, बापाला घाबरायचा, आणि बापाच्या पाठीमागे त्याची नक्कल करून गिऱ्हाइकांना हसवायचा. बाप ते समोरच्या आरशात बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा.

मग एका वर्षी गावात बिनसलं. सुरुवात कुठल्या तरी भिंतीवरून झाली. कुणी म्हणालं भिंत आमची, कुणी म्हणालं जागा आमची, आणि बघता बघता अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन तट पडले. त्या दुपारी लांब्या एका दुकानाची काच पोहोचवायला पुलाकडे गेला होता. रस्ता शांत होता म्हणूनच बापानं पाठवलं होतं. पुलाच्या तोंडाशी दोन्हीकडून जमाव आले. दगड कुणाच्या हातून सुटला ते कधीच कळलं नाही. लांब्या घरी आला तो चार माणसांच्या खांद्यावर.

त्यानंतरच्या दिवसांत काचवाल्याकडे आयुष्यात कधी नव्हतं एवढं काम आलं. सगळ्या गावाच्या खिडक्या फुटल्या होत्या. पोराला निरोप देऊन आलेला माणूस दुकान उघडून बसला, तेव्हा लोकांना वाटलं याचं डोकं ठिकाणावर नाही. पण त्यानं एकेक घर घेतलं. अलीकडची घेतली, पलीकडचीही घेतली. पलीकडच्या प्रार्थनाघराच्या उंच खिडक्यांना काचा बसवल्या, शिडीवर एकटा चढून, कारण शिडी धरायला आता कुणी नव्हतं. त्यांचे वडीलधारे खाली उभं राहून रडत होते. हा लांबी भरत होता.

पुढच्याच नव्या वर्षी दोन्ही प्रार्थनाघरांनी मिळून फेरी सुरू केली. फोटो कुठला घ्यायचा ते फेरीच्या समितीनं ठरवलं. मावसबहिणीच्या लग्नातला होता. आजूबाजूची माणसं कापून टाकली, त्यामुळे लांब्याच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिला. शिवाय फोटोग्राफरनं दटावल्यामुळे तो गंभीर उभा होता. आयुष्यात कधी गंभीर नसलेलं पोर दरवर्षी रस्त्यानं तसलं तोंड करून जायचं. काचवाल्याला ते बघवत नसे. बायकोचं उलट. फलकाचा एक बांबू तीच धरायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

अशी वर्षं गेली. फेरी मोठी झाली. शाळेतली मुलं येऊ लागली, बाहेरगावचे पाहुणे येऊ लागले. आणि एका वर्षाअखेरीस समितीच्या बाई घरी आल्या. या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लांब्या त्यांच्याच हाताखाली शिकला होता. चहा पुढे आला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "यंदा फलकावर फोटो नको असं ठरलंय. नुसतं कबूतर काढायचं. आताच्या मुलांना तो कोण ते माहीत नाही. विचारतात, याला कुणी मारलं? मग कुणी तरी सांगतं, आणि पुन्हा तेच तुमचं-आमचं सुरू होतं. पलीकडच्यांना वाटतं, आपण दरवर्षी त्यांच्याकडे बोट दाखवतो."

"बरोबर आहे, बाई," बायको म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. आत नळ सुरू झाला तो बराच वेळ बंद झाला नाही.

काचवाला हळू आवाजात म्हणाला, "मला तो फोटो कधीच नको होता. तेव्हा कुणी विचारलं नाही. आता म्हणतोय, तो राहू द्या फलकावर."

"मला कळतंय हो."

"नाही बाई. तो बांबू धरायचा म्हणून ती वर्षभर जगते."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. त्या वाईट नव्हत्या. पण दोन्ही प्रार्थनाघरांनी मिळून ठरवलेलं होतं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच अवघड होतं. काचवाला त्यांना दारापर्यंत सोडून आला.

नव्या वर्षाच्या सकाळी बायको शाल घेऊन तयार झाली आणि दारातच थबकली. पाय उचलेना. काचवाल्यानं खुंटीवरचा कोट काढला.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?"

"चालायला. मला काय पाय नाहीत?"

दोघं फेरीच्या मधोमध सामील झाले. पुढे पांढऱ्या कापडावर कबूतर, चांगलं काढलेलं. हवेत गारठा होता, मुलं गात होती. बायकोला हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. शालीत घाली, बाहेर काढी, पुन्हा घाली. कागदी फुलं वाटणारी एक मुलगी धावत आली आणि एक फूल तिच्या हातात देऊन म्हणाली, "आजी, पहिल्यांदाच आलात का?"

"हो गं," बायको म्हणाली.

काचवाल्यानं मान दुसरीकडे वळवली.

पुलाच्या तोंडाशी फेरी दरवर्षी थांबायची, सगळे माना खाली घालून उभे राहायचे. यंदा वाहनं अडतात म्हणून न थांबता जायचं ठरलं होतं. तसं दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. ते थांबले. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात राहिली. कुणाचा खांदा लागला, कुणी माफ करा म्हणालं. गाणं पुलावर चढलं आणि लांब लांब गेलं.

कोपऱ्यावर पत्र्याचं एक इस्त्रीचं दुकान होतं. तिथून एक म्हातारी बाहेर आली. बराच वेळ पदराशी चाळा करत उभी राहिली, मग जवळ आली.

"तुम्ही लांब्याचे आईवडील ना?"

दोघंही दचकले. फलकावर त्याचं खरं नाव असायचं. लांब्या हे नाव घराबाहेर किती तरी वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

"मला मावशी म्हणायचा. काच पोहोचवायला आला की इथे डोकावायचा. दर खेपेला माझ्या या दारावर डोकं आपटून घ्यायचा आणि दारालाच रागवायचा." म्हातारी हसली आणि एकदम रडवेली झाली. "दरवर्षी बघते तुम्हाला, ताई. पण तुमच्याभोवती मोठमोठी माणसं, समोर तो एवढा फोटो, आणि मी पडले पलीकडची. म्हटलं, कुठल्या तोंडानं जाऊ? या, आत बसा."

आत कोळशाची धग होती. एकच स्टूल होतं, ते तिनं पुढे केलं आणि स्वतः कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली.

"जमाव पळून गेला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी पाजलं. दोन घोट घेतले त्यानं."

"एकटा नव्हता?" बायकोनं विचारलं.

"नाही हो. शेवटपर्यंत मी होते."

"बोलला काही?"

म्हातारीनं काचवाल्याकडे बघितलं, मग खाली. "विचारत होता, मावशी, काच फुटली का? सारखं तेच. मी म्हटलं, नाही रे बाळा, भिंतीला टेकवून ठेवलीय बघ. सगळ्या रस्त्यावर तुकडेच तुकडे होते. पण मी नाही म्हटलं, तेव्हा निवांत झाला. मग नाही बोलला."

बायको स्टुलावरून उठली, खाली बसली आणि म्हातारीच्या मांडीवर तिनं हात ठेवला. इतकी वर्षं तिच्या डोळ्यांपुढे पोर मोकळ्या रस्त्यावर एकटं पडलेलं होतं. ती हमसून हमसून रडली, पण तिच्या रडण्यात काही तरी सैल झाल्यासारखं होतं. काचवाला दारात तसाच उभा राहिला. पुलापलीकडून प्रार्थनेचे आवाज येऊ लागले होते.

त्या दिवसापासून बायकोला झोप लागू लागली. ती अधूनमधून म्हातारीकडे जाऊन बसे. कपड्यांच्या घड्या घालायला मदत करी, लांब्याबद्दल तिच्याकडून ऐके, तिला सांगे. पुढच्या वर्षी फेरी निघाली तेव्हा ती त्या दुकानात बसलेली होती. फेरी समोरून गेली, आणि दोघी बोलत राहिल्या.

जे ऐकून तिच्या जिवावरचं ओझं उतरलं, तेच काचवाल्याच्या उरावर बसलं. मरताना पोराच्या तोंडी आई नव्हती, देव नव्हता, बापाची काच होती. तो काम करत राहिला, कारण दुसरं काही येत नव्हतं. पण कापायचा हिरा काचेवर ओढता ओढता मधेच हात थांबे. फुटली तर फुटू दे रे, तू नीट ये, असं आपण त्याला कधी तरी म्हटलं असेल, हे तो आठवून बघे. आठवत नसे.

एकदा त्यानं बायकोला विचारलं.

"म्हटलं असेल की," ती म्हणाली. "बाप होतात तुम्ही त्याचे. म्हटलंच असेल."

त्यानं हो म्हटल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा काचेवर पट्टी ठेवली.