एका भाकरीपुरतं इंग्रजी

अक्का वर्गात यायच्या त्या थकूनच. सकाळचा पहिला तास असो की दुपारचा शेवटचा, त्यांचा चेहरा बघून पुढच्या बाकावरची मुलगी आपोआप उठायची आणि खुर्ची सरकवायची. बसल्या की चपला काढायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "थांबा गं जरा. माणूस आधी आत येऊ द्या." म्हणजे अंग आलेलं होतं, माणूस यायचा होता! मिनिटभरानं तो यायचा आणि मग शिकवणं सुरू. तेही बसूनच. उभं राहून शिकवणाऱ्यांना घरी काम नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

जळगावच्या कॉलेजात त्या इंग्रजीच्या प्राध्यापक. इतरांसाठी मॅडम, पण आम्हा मुलींच्या अक्का. मूळच्या दोंडाईच्याकडच्या. वर्गात चोख इंग्रजी, स्टाफरूममध्ये पुस्तकी मराठी, आणि चिडल्या किंवा जीव लावला की सरळ खानदेशी. आमच्या बोदवडची बोली वेगळी, त्यामुळे सुरुवातीला मला कळायचंच नाही की या रागावल्यात की लाड करतायत. बहुतेक वेळा दोन्ही असायचं. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत अंथरुणाला खिळलेली आई होती. तिचं सगळं उरकून यायचं आणि तास संपले की तिच्यासाठीच घाईनं परतायचं, असा त्यांचा दिवस.

उरलेल्या वेळात प्रबंध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या बायकांनी इंग्रजी कादंबरीला नवं वळण दिलं, त्यांच्यावर अक्का डॉक्टरेट करत होत्या. नऊ-दहा वर्षं झाली होती. पुण्याचे मार्गदर्शक दर खेपेला म्हणायचे, "छान आहे, पण यात तुमचं स्वतःचं काय?" अक्का परत यायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "पुण्याला जाऊन आले. माझं काय ते अजून सापडायचंय." हसून सांगायच्या, पण त्यांना ते लागायचं. एवढा एक प्रबंध पुरा करायचा, एवढीच त्या बाईची आयुष्याकडे मागणी होती.

आम्ही टी. वाय. ला इंग्रजी घेतलेल्या जेमतेम अकरा जणी. रविवारी सकाळी टीव्ही असलेल्या एका घरात अख्खी गल्ली जमायची, ते दिवस. अभ्यासक्रमात एक कादंबरी होती, तिच्यात काही म्हणजे काही घडत नव्हतं. एक बाई बसलेली, तिला काहीबाही आठवतंय, दिवस मावळतोय, संपलं! आम्ही बापड्या गाईड पाठ करायचो. लेखिकेने मनाचा अखंड प्रवाह दाखवला आहे, वगैरे. एकदा मी तेच घडाघडा म्हणून दाखवलं. अक्कांनी डोळे उघडले. "मनाचा प्रवाह म्हणे! स्वतःचं मन कधी पाहिलंस का गं वाहताना?" मी खाली बसले. "तुन्हा मनमा काय शे, ते कोणी विचारलं का कधी?" माझ्या मनात काय आहे, ते खरंच कोणी विचारलं नव्हतं. मला एकदम रडूच आलं, कशाचं ते आजही नीट सांगता येणार नाही.

त्या दिवशी अक्का जे बोलल्या ते मी नंतर कुठल्याच समीक्षेच्या पुस्तकात वाचलं नाही. म्हणाल्या, "या इंग्लंडातल्या बायका मोठ्याच. पण यांच्या कादंबरीतली बाई दिवसभर विचार करू शकते, कारण तिचा स्वयंपाक दुसरी कुणीतरी करतेय. त्या दुसरीच्या मनात काय चाललंय, ते पुस्तकात नाही. ते तुम्ही लिहा."

आणि मग त्यांनी एक प्रकार सुरू केला. आमच्यातली प्रत्येक जण घरी भाकऱ्या करायची. प्रत्येकीनं चुलीजवळ एक वही ठेवायची. एक भाकरी थापायला घेतल्यापासून ती तव्यावरून उतरेपर्यंत मनात जे जे येईल ते, हात पुसून लगेच लिहायचं. इंग्रजीत. चुकीचं का असेना, पण खरं. "बठ्ठं लिख, काही गाळू नको." आम्ही त्याला भाकरीचा पेपर म्हणायचो. वह्यांना पिठाची बोटं लागलेली असायची आणि अक्का लाल पेन्सिलीनं शेरा मारून खाली सही करायच्या. व्याकरणाला हात लावत नसत. इंग्रजीत लिहायचं म्हणून आम्हाला एक मोठीच मोकळीक होती. घरात कुणाला वाचता येणार नाही, त्यामुळे भीती नाही. चार-सहा महिन्यांत अकरा वह्यांत जे साठलं, ते आमच्या आयांना कळतं तर वेड लागलं असतं.

माझं त्या वर्षी लग्न जमत होतं. रावेरकडचं स्थळ. केळीची बागाईत, मुलगा बी.एस्सी. होऊन शेती बघणारा. एका संध्याकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्या करताना मी जे लिहिलं, ते मराठीत साधारण असं होतं: "ब्रेड फुगतोय. दारात केळीचा ट्रक उभा आहे. वडील ड्रायव्हरशी ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात आईशी माझ्याबद्दल बोलतायत. फोटोतला माणूस बरा आहे. त्याला बघून मला काहीच वाटत नाही. काहीच वाटत नाही, हे ऐकायला कोणी आलेलं नाही. ब्रेड करपला. आता सगळे माझ्याकडे बघतील." भाकरीला ब्रेड लिहायचो, दुसरा शब्द कुठे येत होता! अक्कांनी खाली इंग्रजीतच लिहिलं, "उत्तम. यापेक्षाही खरं लिहिता येईल." आणि सही. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे मी माझ्या प्रबंधात घातलं तर चालेल?" मला वाटलं, थट्टा करतायत. त्या थट्टा करत नव्हत्या.

पाहुणे मुलगी बघायला आले. मुलगा, त्याची आई, आणि मामा. मामा निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांत मान त्यांचा. पोहे झाले, नावगाव झालं, मग मामा म्हणाले, "मुलीचं अक्षर बघू." ही आमच्याकडची रीतच. बाकीच्या मुली अशा वेळी पाटीवर चार ओळी लिहून दाखवत. पण माझे वडील, आबा, चौथी शिकलेले. पोरगी इंग्रजी घेऊन बी. ए. करते, याचा त्यांना काय अभिमान! म्हणाले, "अक्षर काय बघता मास्तर, इंग्रजी बघा." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत आबाच उठले, चुलीजवळच्या कोनाड्यातून ती वही काढली आणि मामांच्या हातात दिली. आबांना वहीतलं एक अक्षर कळत नव्हतं. सगळ्यांत लांब लाल शेरा त्या पानावर, म्हणजे तेच पान चांगलं असणार, म्हणून तेच उघडून दिलं.

मामांनी चष्मा लावला आणि शाळेच्या प्रार्थनेसारखं खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. सगळे माना डोलवतायत. आबा तर असे फुललेत की विचारू नका. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. वाचता वाचता मामांचा आवाज बसत गेला. मुलाच्या आईनं विचारलं, "काय लिहिलंय हो?" आणि मामांनी, हाडाचे मास्तर ते, शब्द न् शब्द मराठीत करून सांगितला. शेऱ्यासकट! मुलगा सतरंजीकडे बघत बसला होता. दहा मिनिटांत ओसरी रिकामी झाली. आबा कोणावर ओरडले नाहीत. रिकाम्या बशा स्वतः उचलल्या आणि म्हणाले, "उद्यापासून कॉलेज बंद." परीक्षेला तीन महिने उरले होते.

पुढच्या रविवारी अक्का आल्या. माझ्याबरोबर अप-डाऊन करणाऱ्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं. दुपारच्या पॅसेंजरनं आल्या, आईजवळ शेजारणीला बसवून. ओसरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या. आबांनी आदरानंच विचारलं, "मॅडम, हे पोरीच्या डोक्यात तुम्ही घातलं?"

"नाही भाऊ. ते तिच्या डोक्यात होतंच. मी नुसतं वाचलं."

"मग लाल पेन्सिलीनं कौतुक कशाला केलं?"

"चांगलं होतं म्हणून."

 आबा म्हणाले, "तुमचं चांगलं झालं, पण पोरीचं नाव गावभर झालं. मामांचा निरोप आलाय, हे पुस्तकातलं असेल तर आमची हरकत नाही. पोरीच्या मनातलं असेल तर नको. तुम्ही कॉलेजच्या कागदावर लिहून द्या, की हे इंग्रजी पुस्तकातलं आहे आणि हिनं नुसतं उतरवून घेतलं. मग ती परीक्षेला बसेल. नाहीतर नाही बसणार."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग. काय करू?"

मला वाटत होतं त्यांनी भांडावं. आबांना दोन शब्द सुनवावेत, ते माझंच आहे म्हणून छातीठोक सांगावं. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि मला परीक्षा हवी होती. खाली मान घालून म्हटलं, "मला पेपर द्यायचेत."

अक्कांनी पर्समधून कॉलेजचा कागद काढला. म्हणजे असं काही लागेल, हे त्या ओळखूनच आल्या होत्या. लिहिलं, की सदर उतारा इंग्रजीतील एका आधुनिक लेखिकेचा असून विद्यार्थिनीने तो अभ्यासासाठी उतरवून घेतला आहे. सही केली.  वर आबांकडून कबूल करून घेतलं, की लग्न परीक्षेनंतर आणि सासरी गेल्यावर बी.एड.ही. आबांनी त्यांना हात जोडले. कागद आणि वही, दोन्ही मामांकडे गेली, ती वही मला परत मिळाली नाही.

स्टेशनवर मी आणि आई पोचवायला गेलो. मी फुगून उभी होते. माझ्या जन्मात मी एकच गोष्ट स्वतःची अशी केली होती आणि ती यांनी कुठल्यातरी गोऱ्या बाईच्या नावावर करून टाकली होती! गाडी दिसायला लागली तेव्हा अक्का म्हणाल्या, "माझ्यावर राग धर, आबांवर नको. आज मी थकले होते गं. नाहीतर भांडले असते."

भाकरीचा पेपर त्यांनी त्यानंतर बंद केला. मी पास झाले, त्याच रावेरच्या मुलाशी लग्न झालं, बी.एड. झालं, शाळेत लागले. संसार वाईट झाला नाही. लग्नाला सहाएक महिने झाले असतील, नवरा जेवता जेवता म्हणाला, "त्या इंग्लंडातल्या बाईच्या दारात केळीचा ट्रक कुठून आला, ते मला कळलं नाही." मी चपापले. तो हसत होता. बघायला आला त्या दिवशीच त्याला सगळं कळलं होतं. मग बोलला का नाहीस, विचारलं तर म्हणे, "बोललो असतो तर तू आली असतीस का?" भला माणूस. पण त्यानंतर लिहिलंस का काही, असं त्यानंही कधी विचारलं नाही आणि मीही लिहिलं नाही. शाळा, मुलं, सासूबाईंचं आजारपण. अक्का खुर्चीत बसून डोळे का मिटायच्या, ते मला तिशीतच कळलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी निवडणुकीच्या ट्रेनिंगला धुळ्याला गेले होते. कळलं की अक्का नोकरी सोडून तिथंच राहतात. आई गेलेली. गेले भेटायला. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. मला ओळखलं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "प्रबंधाचं काय झालं अक्का?"

"नाही दिला."

"एवढी वर्षं काम करून?"

"शेवटचं प्रकरण राहिलं. तेवढंच माझं स्वतःचं होतं. त्यात म्हणायचं होतं, की त्या बायकांनी जी वाट काढली, त्या वाटेनं आपल्याकडची चुलीपुढची मुलगीही स्वतःचं खरं लिहू शकते. पुरावा म्हणून तुझं पान घालायचं होतं." त्यांना धाप लागत होती. "आता ते कसं घालू? ते तुझं नाही, असं मीच सही करून दिलं होतं ना."

 त्यांनी दोन्ही सोडलं होतं, माझं पान आणि स्वतःचा प्रबंध, आणि मी मेली इतकी वर्षं त्यांच्यावर रागच धरून होते. घाईघाईनं म्हटलं, "अक्का, मी लिहून देते. ते माझंच होतं, असं सही करून देते."

त्या हसल्या. "आता कोणाला नेऊन देऊ गं?" म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. मला महिन्यानं कळलं.

कोणी मागितलेलं नाही, तरी लिहून देते. बोदवडला चुलीपुढे बसून लिहिलेलं ते इंग्रजी पान कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. अक्कांनी ते दोनदा वाचलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं.