गरम आहे तोवर

करवंट्यांच्या निखाऱ्यांचा वास काही निराळाच असतो. लाकडाच्या धुरात उग्रपणा असतो, शेणीच्या धुरात एक प्रकारचा आळस. पण सुकी करवंटी पेटून विझत आली, की तिच्यातून खोबऱ्याची एक स्निग्ध, अस्फुट आठवण दरवळू लागते. त्या दरवळात आंबट ताकात भिजलेल्या मैद्याचा वास मिसळावा, ओल्या मिरीचा झणका त्यावर यावा, आणि अखेरीस लसणीची पात घातलेलं लोणी कुठेतरी वितळू लागावं! रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, समुद्राच्या अंगाला आमचं माडांचं आगर होतं. तिथल्या परसात माझे बाबा स्कोन भाजत.

स्कोन म्हणजे साहेबाची भाकरी, असं आमची आत्या म्हणे. वाटीच्या तोंडाएवढा, दोन बोटं उंच, वरून खरपूस आणि आत मऊ लुसलुशीत. बाबांची उमेदीची सारी वर्षं आगबोटीच्या भटारखान्यात गेली आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते कायमचे घरी आले. मिठाच्या सत्याग्रहाच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या वाडीतले खलाशी परतताना चिनी मातीच्या बश्या आणत, गजराची घड्याळं आणत. बाबांनी आणली ती हातातली एक कला, आणि ती तेवढी ठेवायला घरात जागा नव्हती. आत्या म्हणजे बाबांची थोरली विधवा बहीण. सोवळंओवळं सारं तिच्या मुठीत, आणि साहेबाचा पदार्थ आपल्या चुलीवर चढणार नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी परसात तीन चिरे मांडले आणि आपलं निराळं संस्थान थाटलं.

किती हळुवार होते त्यांचे हात! मुंबईहून मागवलेल्या मैद्यात मीठ आणि खायचा सोडा घालून त्यात ते गार लोणी बोटांच्या टोकांनी चुरीत. मग बारीक चिरलेला कांदा, पोफळीवर चढलेल्या वेलाची ठेचलेली मिरी, आणि वरून आंबट ताक. साहेबाच्या स्कोनात चीज पडे, पण आमच्याकडे ते कुठून येणार? पीठ मळायचं नाही, नुसतं गोंजारायचं, असं ते सांगत. जाड बुडाच्या पातेल्याला झाकण लावून, काकडीचं गोड धोंडस भाजतात तसे खाली निखारे आणि वर निखारे. तोवर आईने घुसळलेल्या लोण्यात लसणीची पात, मीठ आणि लिंबाचे चार थेंब कालवून ते वाटी पाण्यात ठेवीत. झाकण उघडलं की स्कोन हाताने मोडायचा, सुरी लावायची नाही, आणि त्याच्या वाफाळत्या पोटात लोण्याचा गोळा सोडायचा.

पण या पदार्थाला आयुष्य फार थोडं. गरम आहे तोवर तो स्कोन; गार झाला की आमच्या कोकणातला जांभ्याचा चिरा. आणि नेमकी इथेच बाबांची सारी कला अडून बसली होती, कारण ज्या एका माणसाने तो गरम खावा म्हणून ते एवढी यातायात करीत, ते माणूस जन्मात काही गरम खात नव्हतं. ते माणूस म्हणजे माझी आई.

आई सर्वांच्या शेवटी जेवायची. त्यात नवल ते काय? तुमचीही आई तशीच जेवत असेल. घावन तव्यावरून उतरतं ते कुणा दुसऱ्याच्या पानात पडण्यासाठीच. करणारीच्या वाट्याला येतं ते शेवटचं, आणि तेही मुलांची पोटं भरली तर. जगातला किती स्वयंपाक अशा हातांनी झाला असेल, ज्यांना स्वतःच्या हातची ऊब कधी चाखता आली नाही! बाबांना हे उमगलं होतं, कारण बोटीवर तेही शेवटचेच होते. साहेबाचा स्कोन रुमालात गुंडाळून वर धावत जाई, आणि खाली भटाऱ्यांना मिळत ते मोडके, थंडगार तुकडे. इतकी वर्षं भाजूनही गरम स्कोन कसा लागतो हे त्यांनी चोरून चाखलं तेवढंच.

म्हणून ते पहिला स्कोन मोडून आईपुढे धरीत. “अगो, गरम हाय तवर खा.” आई हसून तो झाकून ठेवी. “मी मागसून खातंय. आधी पोरांस द्या.” मग आम्हा भावंडांतला कुणीतरी आणखी एक मागे, आणि तो झाकलेला स्कोन त्याच्या पानात जाई, नाही गेला तर दुपार कलल्यावर आई तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळी आणि छान झाला होता म्हणे. बाबांचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते आईवर रागावत नसत, पण त्यांचा चेहरा उतरे, आणि तो उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

मग एकदा काय झालं, आई बाजूला बसली होती. म्हणजे महिन्याचे ते तीन दिवस. मागल्या पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, कशाला शिवायचं नाही, कुणी वरून वाढेल ते खायचं. बाबांनी त्या दिवशी सकाळीच निखारे पेटवले. पातेलं उघडल्याबरोबर पहिला स्कोन मोडला, त्यात लोणी भरलं आणि कोपऱ्यातल्या केळीच्या पानावर वरून अलगद सोडला. आई सवयीने म्हणाली, “पोरांस द्या.”

“आता तो तुझ्या पानात पडला,” बाबा म्हणाले. “कोनाला चालायचा नाय. खा.”

आईने दाराकडे पाहिलं. दारात आत्या उभी होती, आणि विटाळशीच्या पानातलं कुणाला चालत नाही हा नियम तर आत्याचाच! आईने तुकडा तोंडात घातला, वितळलेलं लोणी तिच्या मनगटावरून ओघळलं, आणि एखाद्या पोरीसारखं तिने ते चाटलं. बाबा पायरीवर बसून पाहत होते. त्यानंतर आमच्या घरी स्कोन त्या तीन दिवसांतच होऊ लागले.

त्या चालीचं मी कौतुक करीत नाही. थंडीच्या पहाटे गोणपाटावर कुडकुडणारी आईही मी पाहिली आहे. पण ज्या भिंतीने तिला घराबाहेर काढलं, तिच्याच आडोशाला माझ्या बापाने तिच्यासाठी ऊब राखली, हेही खरं आहे.

पुढे माझं लग्न झालं, मी देवरूखला गेले, आणि त्या मोठ्या घरात शेवटच्या पंगतीला बसू लागले. आईचे ते दिवस वयानुसार थांबले. आता ती बारा महिने चुलीपाशी, आणि तिचा स्कोन पुन्हा झाकणाखाली. बाबांनी हळूहळू भाजणंच सोडलं. मी माहेरी आले की स्कोनाचं विचारत असे, तर म्हणत, “कोनासाठी भाजू?”

एका थंडीत मी अशीच आले होते. सकाळी आई विहिरीवरून आली ती चुलीकडे न वळता मागल्या पडवीत गेली, गोणपाट पसरलं आणि कोपऱ्यात बसली. आत्या दारात आली.

“काय गो, हितं का बसलंस?”

“बाजूला बसलंय,” आई म्हणाली.

ते दिवस सरून दोन वर्षं झाली होती, आणि घरातल्या बायकांचे महिने मोजायला आत्याला पंचांग लागत नसे. ती आईकडे पाहत राहिली. मग अंगणात नारळ सोलणाऱ्या आपल्या भावाकडे तिने पाहिलं, आणि पदर खोचला. “मग बस. भाकऱ्या मी थापतंय.”

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि करवंट्या गोळा करू लागले. पातेलं निखाऱ्यांवर चढलं तेव्हा आत पुरुषांची पानं मांडली जात होती. आत्याच्या मदतीला म्हणून मी निघाले, तोच आईने हात लांबवून माझं मनगट धरलं. बाजूला बसली असता तिने आम्हाला कधी बोट लावलं नव्हतं.

“आता शिवलंय तुला,” ती म्हणाली. “आत जायचं नाय. बस हितं.”

मी तिच्याशेजारी गोणपाटावर बसले. बाबांनी केळीचं एकच पान आणलं होतं. ते पुन्हा आगरात गेले आणि दुसरं कापून आले. पहिला स्कोन त्यांनी आईला दिला, दुसरा मला. बोटं पोळली, म्हणून मी तो खाली ठेवू लागले.

“पोळू दे,” आई म्हणाली, आणि तिने आपला मोडला.